समासातलं एक अक्षर

आमच्या रोह्याच्या घरी श्रीधरांच्या शिवलीलामृताची एक शिळाछाप पोथी आहे. शेवटचं पान कसरीनं खाल्लं आणि त्याच्याबरोबर छापखान्याचं नाव, साल, सगळंच गेलं. उरलेली पानं लाल बासनात, दोन फळ्यांच्या मध्ये आणि वेखंडाच्या दोन कांड्यांच्या सोबतीनं फडताळात असतात. कुंडलिकेकाठच्या पावसाळी हवेत कागद टिकवणं म्हणजे लहान मुलाला सांभाळण्यासारखंच आहे. श्रावणातल्या सोमवारी बासन सुटतं आणि अकरावा अध्याय वाचला जातो. आजी होती तोवर ती वाचायची, आता मी वाचते.

या अध्यायाच्या तिसऱ्या पानाबद्दल मला लिहायचं आहे. त्या पानावर श्रीधरांनी काय सांगितलं आहे, ते महाराष्ट्राला पाठ आहे. रुद्राक्षाच्या पुण्याईनं माकड आणि कोंबडा राजपुत्र व प्रधानपुत्र होऊन जन्माला येतात, ती भद्रसेन राजाची कथा. शके १६४० मध्ये बारामतीत पुरा झालेला हा ग्रंथ तीनशे वर्षं घराघरांत वाचला जातो आहे. पण एखादं पान मजकुराशिवायही वाचता येतं, हे मला उशिरा कळलं.

पान आडवं आहे, दीड वीत लांब आणि वीतभराहून कमी रुंद. एका बाजूला अकरा ओळी. डावी-उजवीकडे समासाच्या दोन-दोन उभ्या रेघा. डाव्या समासात वर ग्रंथाचं आखूड नाव आणि अध्यायाचा आकडा, उजवीकडे खाली पानाचा आकडा आणि ‘राम’. हा आडवा आकार कागदाला लागत नाही आणि छापायच्या दगडालाही लागत नाही. तो ताडपत्राचा आकार आहे. ताडाच्या पानाची रुंदी चार बोटंच, म्हणून लिहिणारा आडवा लिहीत गेला. ताडपत्र गेलं, कागद आला, हस्तलिखित जाऊन छापाचं यंत्र आलं, तरी झाडाच्या पानाची आठवण सुटली नाही. समासाच्या रेघांचंही तेच. हस्तलिखितात त्या हिंगुळाच्या, तांबड्या असत. इथे दगडाला एकच रंग, म्हणून काळ्या. पण रेघा आहेतच, कारण रेघांशिवाय ती पोथी वाटली नसती.

पान उलटताना ते पुस्तकासारखं डावीकडे जात नाही. लांब कड धरून ते वर, आपल्यापासून पलीकडे उलटायचं. म्हणजे पाठीमागचा मजकूर पुढच्या मजकुराच्या हिशेबानं डोकं खाली करून छापलेला असला पाहिजे, तरच उलटल्यावर तो सुलटा येतो. छापणाऱ्यानं प्रत्येक पानाच्या पाठीला हे भान राखलं आहे. वाचणारीचा हात कसा वळतो, हे त्याला ठाऊक होतं.

आता अक्षर. दोन शब्दांत जागा नाही. ओवी संपते तिथे दोन दंड, मध्ये आकडा, पुन्हा दोन दंड, की लगेच पुढची ओवी. डोळ्यांनी भराभर वाचून पुढे पळण्याची सोय या पानात नाही. शब्द कुठे तुटतो ते मोठ्यानं म्हटल्याशिवाय कळत नाही, म्हणून पान वाचणारीला बोलायला लावतं. शाळेतून आल्यावर मी आजीजवळ बसून वाचायला शिकले ती याच पानांवर, आणि शब्द तोडण्याची जागा मला कानानं सापडली, डोळ्यानं नव्हे.

बोरू तिरका छाटलेला होता, हे दिसतं. आडव्या शिरोरेघेला एक जाडी, उभ्या दांड्याला दुसरी आणि वळणावर टोक फिरतं तिथे तिसरी. ‘ल’ आपला मराठी, दोन पाकळ्यांचा. ‘श’ची गाठ घट्ट. ओळीच्या सुरुवातीला अक्षरं ऐसपैस बसली आहेत. दोन-तृतीयांश ओळ झाली की लिहिणाऱ्याला पलीकडची रेघ दिसायला लागते आणि अक्षरं अंग चोरू लागतात. सातव्या ओळीच्या टोकाला ‘रुद्राक्ष’ तर असा बसवला आहे, की ‘क्ष’ची शेपटी समासाच्या रेघेला टेकते. नवव्या ओळीत उलट झालं आहे. तिथे जागा उरली, म्हणून एक उभा दंड काढून ती भरली. अकरा ओळींत एक माणूस अकरा वेळा अंदाज बांधतो. काही वेळा तो चुकतो, काही वेळा साधतो.

आणि पाचव्या ओळीत तो खरंच चुकला आहे. एक अक्षर राहून गेलं. ओळीखाली काकपद आहे, कावळ्याच्या पायासारखी ती छोटी खूण, आणि समासात राहिलेलं अक्षर, शेजारी ओळीचा आकडा. हस्तलिखितांत हे नेहमीचं. जास्तीचं लिहिलं गेलं तर त्यावर पिवळा हरताळ लावायचा, कमी पडलं तर काकपद काढायचं. ‘हरताळ फासणं’ हे आपण आज रागानं म्हणतो, पण मुळात ते लेखनिकाचं सौम्य काम होतं. या पानावर मला थांबवतं ते वेगळंच. हे काकपद हातानं काढलेलं नाही, छापलेलं आहे. या छापाच्या जितक्या प्रती निघाल्या, तितक्या सगळ्यांत पाचव्या ओळीखाली हाच कावळ्याचा पाय उमटला असणार. एका माणसाची एका क्षणाची नजरचूक आणि तिची प्रामाणिक दुरुस्ती, दोन्ही कित्येक घरांत पोचली.

हे कसं झालं, ते कळायला शिळाछाप समजून घ्यावा लागतो. खिळे जुळवून छापण्याशी याचा संबंध नाही. चुनखडीचा गुळगुळीत घासलेला दगड, चांगला दगड जर्मनीतल्या सोल्नहोफेनचा. लेखनिक खास कागदावर तेलकट शाईनं नेहमीसारखं, सुलटं लिहितो. तो कागद दगडावर पालथा घालून दाबला की अक्षरं उलटी होऊन दगडावर उतरतात. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट अक्षर आहे तिथे पाणी धरत नाही, बाकी ठिकाणी धरतं. वरून छापायची शाई फिरवली की ती फक्त अक्षरावर चिकटते. त्यावर कागद ठेवून दाब दिला की उलटं पुन्हा सुलटं. खोदकाम नाही, ओतकाम नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या घरातल्या गोष्टीवर सारा खेळ. बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरला हे अठराव्या शतकाच्या अखेरीस साधलं आणि तीसेक वर्षांत ते मुंबईत येऊन पोचलं.

व्हिएतनाममधल्या लाकडी ठशांच्या पुस्तकांबद्दल मी वाचायला लागले, तेव्हा मला हे पान आठवलं आणि मग ते दुसऱ्यांदा नीट दिसलं. तिथे शेकडो वर्षं पुस्तकं लाकडावर कोरून छापली जात. हान लिपीतली, आणि देशी बोलीसाठी घडवलेल्या नोम लिपीतलीही. लेखनिक पातळ कागदावर सुंदर अक्षरात पान लिहायचा. ते पान घासून-पुसून तयार केलेल्या फळीवर पालथं चिकटवायचं. मागून अक्षरं उलटी दिसू लागली, की कोरणारा अक्षराभोवतीचं लाकूड काढून टाकायचा आणि अक्षर उंच राहायचं. लिहिलेलं पान त्यात संपून जायचं. छापताना ठशावर कुंचल्यानं शाई, वर कागद, आणि कागदाच्या पाठीवर हलक्या हातानं घासणं. बाक निन्ह प्रांतातल्या दोंग हो गावात आजही सणाची चित्रं छापताना कागदाची पाठ वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीनं घासतात. तीच जाळी, जिनं आमच्याकडे अंग घासत.

लाकूडही ओळखीचं निघालं. पुस्तकांच्या ठशांसाठी ‘थी’ नावाच्या झाडाला तिथे मान. त्याचं लाकूड मऊ पण घट्ट विणीचं, बारीक कोरताना न फाटणारं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. तिथल्या लोककथेत छळलेली मुलगी थीच्या सुगंधी फळातून बाहेर येते आणि कुणाला न कळत म्हाताऱ्या आजीचं घर आवरून ठेवते. ज्या झाडातून गोष्टीतली मुलगी निघते, त्याच झाडात पुस्तकं कोरली गेली, याचा मला फार आनंद झाला.

आपल्या शिळाछापाचं आणि त्या लाकडी ठशाचं नातं सामग्रीचं नाही. एकीकडे रसायन, दुसरीकडे खोदकाम. नातं आहे ते पालथ्या घातलेल्या कागदाचं. दोन्हीकडे माणसाचं हस्ताक्षर अख्खंच्या अख्खं छापात उतरतं. खिळ्यांच्या छपाईत ‘क’ एकदा ओतला की सगळीकडे तोच. रुद्राक्षातला ‘क्ष’ जागा नाही म्हणून अंग चोरत नाही. ठशात आणि शिळेवर मात्र प्रत्येक ‘क’ वेगळ्या क्षणी लिहिलेला असतो.

हे नातं आपल्याकडे शिळाछापाच्या दोनशे वर्षं आधीच जुळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला होता. फादर स्टीफन्सनं मराठीत, ओवीत क्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. देशी लिपीत छापावं, अशी त्याची फार इच्छा होती. १६०८ च्या पत्रात त्यानं अडचण सांगितली आहे. युरोपच्या चोवीस अक्षरांना चोवीस साचे पुरतात, इथल्या लिपीला सहाशे लागतील. जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, सगळं धरून. हा आकडा वाचला की माझा जीव हळहळतो. कारण लाकडी ठशाला अक्षरांच्या संख्येशी काही देणंघेणं नसतं. सहाशे असोत की सहा हजार, कोरणारा पान कोरतो, अक्षर नव्हे. आणि स्टीफन्सच्याच पंथाच्या पाद्र्यांनी १५८४ मध्ये चीनमध्ये चिनी भाषेतली प्रश्नोत्तरं लाकडी ठशांनीच छापली होती. दुसऱ्या बाजूला व्हिएतनामात त्याच पंथाच्या अलेक्झांडर द रोडनं त्या भाषेचा कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापून घेतला तो रोमन अक्षरांत, आणि पुढे तीच अक्षरं त्या देशाची लिपी झाली. आपल्याकडे तसं झालं नाही. मराठीनं आपली लिपी धरून ठेवली आणि छापासाठी वाट पाहिली.

ठसा आपल्याला नवा होता, असंही नाही. कापडावर लाकडी ठशांनी छापणारे रंगारी आणि भावसार गावोगाव होते. राजमुद्रा उलट्या कोरल्या जात होत्या. ताम्रपटांचा देश आपला. पुस्तकासाठी मात्र कुणी ठसा उचलला नाही. मला वाटतं, पोथी लिहून देणं हे पुण्य होतं आणि लेखनिकाचं पोटही. छापाची गरजच कुणाला भासली नसावी.

ती पुढे भासली नाना फडणविसांना. पुणे दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता, त्याच्या आसपास शिकलेल्या एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून घ्यायची आणि छापून ब्राह्मणांना वाटायची, असं नानांच्या मनात होतं. पुण्याचं राजकारण विस्कटलं, १८०० मध्ये नाना गेले आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. १८०५ मध्ये मिरजेत ती गीता छापून झाली. अख्खं पान कोरायचं आणि कागदावर उतरवायचं, ही तीच दूर पूर्वेकडची रीत, फक्त लाकडाऐवजी तांबं. त्याच १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं. एका वर्षात दोन वाटा फुटल्या. एक सुटं अक्षर ओतण्याची, दुसरी अख्खं पान धरण्याची.

दुसऱ्या वाटेला खरा वाटसरू मिळाला तो गणपत कृष्णाजी. भंडारी समाजातला हा माणूस मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होता. तिथे शिळाप्रेस पाहिला आणि स्वतःच्या अक्कलहुशारीनं लाकडी यंत्र केलं, दगड घासून पाहिले, शाई करून पाहिली. १८३१ मध्ये त्यानं मराठी पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते, म्हणून सोवळ्यातली माणसं छापलेल्या कागदाला शिवायला तयार नव्हती. तेव्हा पोथ्यांसाठी तुपाची शाई केली गेली. शिळाछापाला स्निग्ध शाईच लागते, त्यामुळे तूप तिथे धर्मालाही चाललं आणि दगडालाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्याच्या कामाचं कौतुक केलं आहे. पुढे त्यानं खिळेही पाडले आणि त्याच्यामागून जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं खिळ्यांचं अक्षर इतकं देखणं केलं, की शिळाछाप मागे पडला. निर्णयसागरच्या अक्षराबद्दल मला आदर आहे. पण त्या पानावर कुणी अंग चोरत नाही.

साचा आणि हात एकत्र कसे नांदतात, ते मी आजोळी, पेणला पाहिलं. भाद्रपदाच्या आधी चार-सहा महिने पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून नुसत्या गणपतींच्या रांगा. लहानपणी मला मूर्तीपेक्षा साचा बघायला आवडायचा. आत हात घातला की सोंड खोलगट लागायची, पोट खोल, मोदकाचा खळगा. जे बाहेर उंच येणार ते आत खोल आणि जे उजवं ते डावं. साच्यातून एकसारख्या कितीतरी मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी शेवटी हातानंच होते, आणि ती करणारा माणूस कारखान्यात वेगळ्या मानानं बसतो. श्वास रोखून, एका रेघेत. म्हणून साच्याच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या, तर नजरेनं त्या ओळखू येतात. पोथीच्या पहिल्या पानावर रेघांनी काढलेला गणपती आहे. घरातल्या कुठल्या तरी मुलानं त्याला कुंकवानं रंगवलं आहे. रंग रेघेबाहेर गेला आहे. डोळे मात्र रंगवणाऱ्यानं सोडून दिले आहेत, जसे छापले तसेच.

व्हिएतनामचा एक भाग आपल्याकडे नाही, आणि तो मला बोचतो. तिथे ठसे राहिले. बाक ज्यांग भागातल्या विन्ह न्घिएम मठात ३,०५० ठसे आहेत, बहुतेक दोन्ही बाजूंनी कोरलेले. हा मठ तेराव्या शतकातल्या त्रान न्हान तोंग राजाशी जोडलेला. त्यानं सिंहासन सोडलं, भिक्षू झाला आणि ध्यानाचा एक पंथ उभा केला. न्ग्वेन राजघराण्याचे ३४ हजारांहून अधिक ठसे दा लात इथे जतन केलेले आहेत. युनेस्कोनं या दोन्ही संग्रहांना जागतिक स्मृतीच्या याद्यांत घेतलं, राजघराण्याच्या ठशांना २००९ मध्ये आणि मठाच्या ठशांना २०१२ मध्ये. ठसा म्हणजे कधीही उघडता येणारं पुस्तक. कागद आणा, शाई आणा, पानं काढून घ्या. सुरुवातीला हजारो प्रती छापून कोठारात भरायची गरज नाही. लागतील तेव्हा, लागतील तितक्या. शंभर वर्षांनी पुन्हा. ठसा कुठे झिजला, तर तेवढा तुकडा काढून नवीन लाकूड बसवायचं आणि पुन्हा कोरायचं. पंधराव्या शतकात लुओंग न्हू होक नावाचा विद्वान चीनला वकिलातीवर गेला आणि कोरण्याची कला शिकून त्यानं ती आपल्या गावच्या लोकांना दिली, असं तिथे मानतात. त्याच्या गावानं पुढे पिढ्यान्‌पिढ्या देशभरची पुस्तकं कोरली.

शिळेचं तसं नाही. आपण न बदलणाऱ्या गोष्टीला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. छापखान्यातल्या दगडावरची रेघ मात्र काम झालं की जाई. दगड महाग, लांबून आणलेला. पान छापून झालं की वाळू आणि पाण्यानं तो घासायचा आणि दुसऱ्या पानासाठी तयार करायचा. अकराव्या अध्यायाचं तिसरं पान ज्या दगडावर होतं, त्यावर दुसऱ्याच दिवशी चौथं असेल, किंवा कुणाचं पंचांग. शंभर ग्रंथ एका दगडावरून गेले आणि दगडावर त्यातलं काही राहिलं नाही. व्हिएतनाममध्ये मूळ उरलं आहे. आपल्याकडे उरल्या त्या नुसत्या प्रती.

आमची प्रत उशिराची आहे, हे अक्षरांवरूनच कळतं. दगडावर बऱ्याच प्रती निघाल्या की बारीक रेघा फिकटतात आणि अक्षरांची पोटं शाईनं भरतात. पाठीमागच्या बाजूला दोन ठिकाणी ‘ष’चं पोट भरून गेलं आहे, पोटातली तिरकी रेघच दिसत नाही. दहाव्या ओळीतली शिरोरेघ मध्येच तुटली आहे. तिथे पाणी जरा जास्त झालं असावं, किंवा दगड नीट घासला गेला नसावा. खालच्या उजव्या कोपऱ्यात, ‘राम’च्या शेजारी, कागद तपकिरी झाला आहे. तो छापखान्याचा डाग नव्हे, बोटांचा. पान उलटताना अंगठा तिथेच जातो. अख्ख्या पोथीत अकराव्या अध्यायाचे कोपरे सर्वांत काळे. कोणता अध्याय किती वाचला गेला, ते कोपऱ्यावर लिहिलेलं आहे. बाराव्या अध्यायाची पानं त्या मानानं कोरी वाटतात.

आजी पाचव्या ओळीशी कधी अडखळली नाही. मला वाटायचं, तिला पाठ आहे म्हणून. एकदा मी खिळ्यांनी छापलेली नवी पोथी आणून दिली. अक्षर मोठं, शब्द सुटे, डोळ्यांना सोपी. तिनं ती चार ओळी वाचली, कौतुक केलं आणि पुन्हा जुनी घेतली. नव्या पोथीत तिची बोटं जागा शोधत होती, असं मला तेव्हा दिसलं, पण अर्थ लागला नव्हता.

गेल्या श्रावणात मी तिच्या जागेवर बसून वाचत होते. पाचवी ओळ आली. काकपदाशी डोळा आपोआप डावीकडे समासात गेला, राहिलेलं अक्षर उचलून परत ओळीत आला आणि ओवी न थांबता पुढे गेली. शेजारी भाची बसली होती. ती अजून अक्षरं जोडून वाचते. तिनं समासातल्या त्या एकट्या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे बाहेर का उभं आहे गं, आत्या?”

मी बोट धरून तिला पाचव्या ओळीखालची खूण दाखवली.